नाटकाची पदवी घ्यावी का? पुण्यात राहून ठरवायची एक पद्धत

पुण्यात नाटक करायला नाटकाची पदवी लागत नाही. एवढं आधी मान्य केलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. चौघांचाही संबंध पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजशी, आणि चौघांनाही वगळून पुण्याच्या रंगभूमीचा इतिहास सांगता येणार नाही. आजही ऑगस्टच्या संध्याकाळी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्गांत बाकं सरकवून तालमी चालतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मार्कशीटवर नाटक हा शब्दही नसतो.

त्यामुळे ‘मला नाटक आवडतं’ हे पदवी घेण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्याला नाटक नुसतं आवडतं त्याची हौस या शहरात संध्याकाळी भागते. पदवी घ्यायची ती संध्याकाळी जे मिळत नाही त्यासाठी. ते काय असतं, आणि ते तुम्हाला खरंच हवंय का, हे तपासायला साधारण सहा महिने लागतात. अकरावीच्या शेवटी सुरुवात केली तर बारावीच्या अभ्यासाआधी उरकतं. बारावी झाली असेल तर नेहमीच्या बी.ए.-बी.कॉम.ला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षातही करता येतं.

पडदा की रंगमंच

हा मुद्दा लवकर संपवू. मालिकेत किंवा सिनेमात दिसायचं, हीच खरी इच्छा असेल तर तसं स्वतःशी कबूल करा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र नाट्यशाळेतली तीन वर्षं ही कॅमेऱ्यासमोर जाण्याची सरळ वाट नव्हे. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, पडद्यावरच्या अभिनयाचं स्वतंत्र शिक्षण मिळतं आणि ते पदवीनंतरचं आहे. बारावीनंतर लगेच तिथे जाता येत नाही. मधली तीन वर्षं कशात घालवायची हा प्रश्न उरतोच, आणि नाटक हे त्याचं एक उत्तर असू शकतं. फक्त नाटकाची पदवी घेता घेता मालिकेच्या कॉलची वाट बघत बसणारे दोन्हीकडून जातात. वर्गात लक्ष नसतं आणि मुंबईतही नसतात.

संध्याकाळी काय मिळतं, काय राहून जातं

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेच्या पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांमधल्या एकांकिका स्पर्धेला, १९६३ साली सुरुवात झाली. तेव्हापासून पुण्यातल्या कॉलेजांचं नाटकाचं वर्ष त्याच्याभोवती फिरतं. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी, सप्टेंबरमध्ये अंतिम. नंतर फिरोदिया करंडक, जिथे एकाच प्रयोगात नाट्य, नृत्य, वादन, चित्र, शिल्प असं सगळं गुंफायचं असतं. शिवाय इतर एकांकिका स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था.

स्पर्धा पुष्कळ शिकवते. वेळेची शिस्त, ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावणं आणि उचलणं, तीस-चाळीस जणांना सांभाळून घेणं, आणि कुणी आजारी पडलं तर दोन दिवसांत बदली माणूस उभा करणं. पण तिला स्वतःची एक चव असते आणि ती जिभेवर बसते. पहिल्या दोन मिनिटांत परीक्षकाला पकडायचं, शेवटी धक्का द्यायचा, मध्ये एक मोठं स्वगत ठेवायचं. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी मानाचा करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर खूप वाद झाला. निर्णय बरोबर की चूक हे बाजूला ठेवलं, तरी स्पर्धेची नाटकं एकमेकांसारखी होऊ लागलीत का, या प्रश्नाला तोंड फुटलं हे चांगलं झालं.

स्पर्धेत न मिळणाऱ्या गोष्टी अशा: दोन-अडीच तास टिकणारा आवाज. एकच भूमिका वीस-तीस प्रयोगांत ताजी ठेवणं. स्वतःच्या वयाच्या, जातीच्या, गावाच्या बाहेरची भाषा तोंडात बसवणं. संस्कृत नाटक, संगीत नाटक, तमाशा, दशावतार, पाश्चात्त्य वास्तववाद यांतला फरक अंगाने समजून घेणं. प्रकाशयोजना आणि नेपथ्य ‘कुणीतरी करतं’ असं न मानता स्वतः आखणं. आणि बक्षीस नसताना एखादी गोष्ट चार वेळा चुकीची करून पाहण्याची मोकळीक. चांगला नाट्यविभाग तुम्हाला हेच देतो. ही यादी वाचून हात शिवशिवले तर पुढे वाचा. ‘हे ठीक आहे, पण भूमिका कधी मिळेल?’ असं मनात आलं असेल तर संध्याकाळच तुमच्यासाठी बरी.

चाचणी पहिली: एक नाटक पडद्यामागून

एखाद्या हौशी किंवा प्रायोगिक गटाकडे जा आणि भूमिका मागू नका. बॅकस्टेजचं काम मागा. सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, द बॉक्स अशा ठिकाणी प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाला भेटून ‘पुढच्या नाटकाला हाताखाली माणूस हवा आहे का?’ एवढं विचारलं तरी चालतं. फुकट राबायला तयार असलेल्या माणसाला नाट्यसंस्था सहसा नाही म्हणत नाहीत.

एकांकिका पाऊण तासाची धरली तर तालमी चार ते सहा आठवडे चालतात, रोज संध्याकाळी तीन तास. पहिला आठवडा नुसतं वाचन. मग हालचाली बसवणं, मग प्रसंग जोडणं, मग सलग तालमी, एक तांत्रिक तालीम, शेवटी रंगीत तालीम. हा सगळा क्रम, एकही आठवडा न चुकवता, संपूर्ण पाहायचा. मागायचंच तर संहिता धरण्याचं काम मागा. सगळं नाटक एकाच जागेवरून दिसेल अशी ती एकमेव खुर्ची असते.

संहिता अशी तयार करा: वहीच्या डाव्या पानावर संवाद, उजवं पान कोरं. उजवीकडे पेन्सिलने क्यूचा (म्हणजे कधी काय करायचं त्या इशाऱ्याचा) क्रमांक, प्रकाश, संगीत, प्रवेश आणि प्रॉपर्टी, म्हणजे नटांच्या हाताळणीतल्या वस्तू. पेन्सिलच, कारण हालचाली रोज बदलतात. नवखी मंडळी क्यू संवादाच्या शेवटच्या शब्दावर लिहितात आणि प्रयोगाच्या दिवशी नट नेमकं ते वाक्य फिरवून बोलतो. दिवा जायला हवा तिथे जात नाही, सगळे अंधाराची वाट बघत पुतळ्यासारखे उभे. म्हणून प्रत्येक क्यूपाशी दिसणारी एक खूणही लिहायची, उदाहरणार्थ ‘ती कपबशी खाली ठेवते तेव्हा’.

प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा आणि आत नाव लिहा. पत्राची जागा रिकामी दिसली की पत्र कुणाच्या तरी खिशात राहिलंय हे प्रवेशाआधीच कळतं. विंगेत आणि लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या, कडांना अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या बारीक पट्ट्या लावा. ब्लॅकआउटमध्ये घोटे मुरगळतात ते इथेच.

या सगळ्यात तपासायचंय ते तुमच्या कंटाळ्याचं वागणं. चौदाव्या-पंधराव्या तालमीला तोच प्रसंग पुन्हा चालू असतो आणि तुम्हाला काही काम नसतं. अशा वेळी तुम्ही फोन काढता की काल आणि आज यांतला फरक शोधता? पहिली गोष्ट होत असेल तर घाबरू नका, एकदा होणारच. दहापैकी आठ संध्याकाळी होत असेल तर तीन वर्षांच्या पूर्णवेळ शिक्षणाला नाव घालू नका. तिथे दिवसभर हेच असतं.

चाचणी दुसरी: वाचन आणि पाहणं

महिन्याला दोन नाटकं वाचा, पुस्तकातून, पूर्ण. सहा महिन्यांत बारा. त्यात एक देवलांचं, एक खाडिलकर किंवा गडकऱ्यांचं, तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांची प्रत्येकी एक-दोन, एक अनुवादित आणि एक तुमच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या लेखकाचं असावं. वाचून झाल्यावर पाच वाक्यांत कथा लिहायची नाही. ‘पहिल्या प्रवेशात कोणाला काय हवंय, आणि शेवटी ते मिळालं का’ एवढंच लिहायचं. आणि घराचा किंवा जागेचा आराखडा काढायचा: दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठून येतं. आराखडा जमत नाही म्हणजे नाटक डोळ्यांनी वाचलं, मनात उभं राहिलं नाही.

महिन्याला दोन प्रयोग बघा. एक बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातलं व्यावसायिक, एक छोट्या जागेतलं प्रायोगिक. दोन्हींकडे नाकं मुरडणारे दोन्ही बाजूंना भेटतील, त्यांचं ऐकू नका. बालगंधर्वात मागच्या रांगेत बसून नटाचं कुजबुजणं ऐकू आलं, तर ते कसं जमलं हा अभ्यासाचा विषय आहे. छोट्या जागेत नट हातभर अंतरावर असताना खोटं कुठे दिसलं, हाही.

चाचणी तिसरी: रोज चाळीस मिनिटं

सहा आठवडे, एकट्याने, कुणी बघत नसताना. दहा मिनिटं शरीर: बारा सूर्यनमस्कार, मग तीन मिनिटं वजन न बदलता नुसतं उभं राहणं. ऐकायला सोपं वाटतं, पण दीड मिनिटात एक गुडघा वाकतोच. दहा मिनिटं श्वास: पाठीवर झोपून गुडघे उभे, हात पोटावर, चार अंक मोजत श्वास आत आणि ‘स्स्’ करत सावकाश बाहेर. सुरुवातीला पंधरा सेकंदांत हवा संपते. खांदे न उचलता ती हळूहळू वाढवायची. पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं. उरलेला वेळ मोठ्याने वाचन, नेहमीच्या निम्म्या वेगाने.

वाचताना एकच गोष्ट पाहा: वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आवाज तिथेच पडला तर ‘मी तुला कधीच’ एवढं ऐकू जातं, आणि ‘विसरलो नाही’ की ‘माफ करणार नाही’ हे पाचव्या रांगेपुढे पोचत नाही. नवख्या नटांचे संवाद ‘कळत नाहीत’ त्यामागे उच्चारांपेक्षा हे कारण जास्त वेळा असतं. फोनवर ध्वनिमुद्रण करून आठवड्याला एकदा ऐका. घसा दुखला तर थांबा, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. काढे पीत आणि कुजबुजत बोलत दिवस ढकलू नका, कुजबुजीने घशावर ताणच पडतो.

सहा आठवड्यांत आठवड्याला पाच दिवस जमलं, तर नाट्यशाळेचं वेळापत्रक झेपेल. दोनच दिवस जमलं, तर तुम्हाला गटाची ऊर्जा लागते. तो दोष नाही. पण मग चांगला हौशी गट तुम्हाला पदवीपेक्षा जास्त देईल.

वाटा कोणत्या

पुण्यात बारावीनंतर पूर्णवेळ नाटक शिकायचं तर पहिलं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचं. १९८७ साली सुरू झालेलं हे केंद्र ‘गुरुकुल’ म्हणूनही ओळखलं जातं. नाटक, संगीत, नृत्य तिन्ही एका छताखाली असल्याने नाटकाच्या मुलांच्या कानावर रियाझ पडतो, हा फायदा माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. आळेकर १९९६ ते २००९ तिथे प्रमुख होते. पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही शिक्षण मिळतं. खासगी विद्यापीठांतही आता नाट्यविषयक अभ्यासक्रम निघालेत. तिथे जाहिरातीतला स्टुडिओ न पाहता वेळापत्रक पाहायचं.

पुण्याबाहेर: मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम निवासी असतो, शिष्यवृत्ती मिळते. पण आधी कुठलीही पदवी लागते आणि प्रत्यक्ष नाटकांत काम केल्याचा अनुभवही. हिंदी आणि इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं, तेव्हा फक्त मराठी वाचणाऱ्यांनी तयारी आधीपासून करावी.

यावरून आमचं मत सांगतो. जे अजून डळमळीत आहेत त्यांनी दुसऱ्या विषयाची पदवी घ्यावी, संध्याकाळी नाटक करावं आणि पदवीनंतर एम.ए. किंवा राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार करावा. भाषा, मानसशास्त्र, इतिहास, वास्तुकला यांपैकी काहीही नाटकात वाया जात नाही. बारावीनंतर थेट नाटकाला जावं ते दोघांनी. एक, ज्यांनी वरच्या तिन्ही चाचण्या पार केल्या. दोन, ज्यांना दुसऱ्या कुठल्याच विषयाच्या वर्गात बसवत नाही आणि जे नाहीतर तीन वर्षं फक्त कँटीनमध्ये काढतील.

इंजिनिअरिंग करत नाटक करण्याचा पुणेरी मार्ग छान दिसतो, पण त्याची किंमत आधी मोजा. तालमी जुलै-ऑगस्टच्या, अंतिम फेरी सप्टेंबरमध्ये, आणि सबमिशनं व परीक्षा ऑक्टोबरपासून. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेला बसू देत नाहीत; केट्या, म्हणजे राहिलेले विषय, मर्यादेपलीकडे साठले की वायडी, म्हणजे वर्ष वाया. हे बहुधा दुसऱ्या वर्षी घडतं. पहिल्या वर्षी फक्त बॅकस्टेज असतं, दुसऱ्या वर्षी मोठी भूमिका मिळते आणि नेमके तेव्हाच विषय अवघड होतात. दुसऱ्या वर्षी एकच स्पर्धा करायची, असं आधीच ठरवून ठेवा.

पैशाचं

घरच्यांशी बोलण्याआधी हा कागद तयार हवा. छोट्या सभागृहातल्या प्रायोगिक प्रयोगाचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहा. शंभर खुर्च्या, तिकीट दोनशे, साठ विकली. जमा बारा हजार. सभागृहाचं भाडं, दिव्यांचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, रंगभूषाकार, जाहिरात आणि चहा-वडापाव मिळून नऊ हजार धरा. उरले तीन हजार, माणसं नऊ. प्रत्येकी तीनशे तेहतीस, आणि त्यामागे महिनाभराच्या तालमी. आकडे बदलून पाहा, शंभरही तिकिटं विका, तरी यावर खोलीचं भाडं निघत नाही. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे, त्यामुळे महिन्यातले प्रयोग मोजूनच मिळकत समजते. नाटक बंद पडलं की ती थांबते.

म्हणून नाटक शिकलेली माणसं प्रत्यक्षात जगतात ती मिश्र कमाईवर: शाळांतल्या नाट्यकार्यशाळा, डबिंग आणि ऑडिओबुकचं वाचन, मालिका-लेखन, प्रकाशयोजना, कार्यक्रमांचं व्यवस्थापन, अभिनयाच्या शिकवण्या. यातली दोन कौशल्यं तरी शिक्षण चालू असतानाच कमवायला हवीत. प्रकाशयोजना आणि ध्वनी येणाऱ्याला पुण्यात नटापेक्षा लवकर काम मिळतं, कारण नट पुष्कळ आहेत. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.नंतर यूजीसी-नेट आहे, त्यात नाटक-नृत्याचा विषय स्वतंत्र आहे. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर नाटकाच्या पदवीवर बी.एड.ला कोणता अध्यापन विषय घेता येईल, हे आधी विचारून घ्या. स्पर्धा परीक्षेचा विचार मनात कुठेतरी असेल तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी देतो की पदविका की नुसतं प्रमाणपत्र, ते कागदावर बघा.

खर्चाच्या बाजूला कॉट बेसिसची खोली, मेस, प्रवास, पुस्तकं-तिकिटं आणि वर्गातल्या निर्मितीचे किरकोळ खर्च लिहा. शुल्क पहिल्या वर्षाचं न धरता सगळ्या वर्षांचं एकत्र धरा. खासगी ठिकाणी हा आकडा सरकारी विद्यापीठाच्या कित्येक पट असू शकतो. कर्ज काढून नाटकाची पदवी घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतात आणि नाटकवाल्याची ती पहिली वर्षंच सगळ्यात कोरडी असतात. हप्ता भरायला मिळेल ते काम धरावं लागतं आणि शिकलेलं तसंच पडून राहतं.

घरी ‘नाटक करून पोट भरतं का?’ हा प्रश्न येणारच. त्याला नामवंतांची नावं फेकून उत्तर देऊ नका, आईबाबांना ती अपवाद वाटतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही. हा कागद समोर ठेवा, मिश्र कमाईतल्या कोणत्या दोन गोष्टी तुम्ही शिकणार ते सांगा, आणि पदवीनंतर किती वर्षं प्रयत्न करून मग फेरविचार करणार याची मुदत स्वतःहून द्या.

विभागात जाऊन काय विचारायचं

माहितीच्या दिवशी जाऊ नका. कामाच्या साध्या मंगळवारी-बुधवारी परवानगी घेऊन जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तास झाले, कोणते रद्द झाले? वर्षात किती निर्मिती होतात आणि प्रत्येकाला बोलायला भूमिका मिळते का? दिवे विद्यार्थी चालवतात की बाहेरून माणूस येतो? दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले पाच जण आता काय करतात? शेवटच्या प्रश्नाला फक्त एकाच प्रसिद्ध माजी विद्यार्थ्याचं नाव मिळालं, तर बाकीच्या चौघांबद्दल पुन्हा विचारा.

शिकत असताना बाहेरची कामं घेऊ देतात का, हाही प्रश्न विचारा. काही ठिकाणी मनाई असते आणि ती पहिल्या वर्षी तरी योग्यच आहे. रात्रीच्या तालमी किती वाजेपर्यंत चालतात, वसतिगृहाचं फाटक कधी बंद होतं आणि मधल्या प्रवासाचं काय? लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची नावं भिंतीवर लावलेली आहेत का? नाटकाच्या शिक्षणात स्पर्श, रडणं, चिडणं वर्गात होतं. त्यामुळे कुठे थांबायचं हे ठरलेलं असावंच लागतं. ‘आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे आहेत’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशी रचना आली आहे. तुमच्या विभागात चौथं वर्ष आहे का आणि त्यानंतर एम.ए. एका वर्षाचं होतं का, तेही विचारून ठेवा.

ऑडिशन

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी लेखी, प्रत्यक्ष सादरीकरण आणि मुलाखत असं काहीतरी मिश्रण असतं. नेमकं स्वरूप त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. तयारीला सहा आठवडे द्या.

दोन स्वगतं निवडा, प्रत्येकी दोन ते तीन मिनिटांची, एकमेकांपासून वेगळ्या स्वभावाची. छापील नाटकातली घ्या आणि ते नाटक पूर्ण वाचलेलं असू द्या, कारण ‘याच्या आधी काय घडलं?’ हा प्रश्न हमखास येतो. पात्राचं वय तुमच्या वयाजवळचं असावं. अठराव्या वर्षी म्हातारा, दारुडा किंवा वेडा करून दाखवणं हा सापळा आहे. बाह्य खुणांनी वेळ भरून निघतो आणि तुम्ही कोण हे दिसतच नाही. रडण्यावर संपणारा उताराही टाळा. पाहणारे दिवसभर रडणं बघत असतात.

पाठांतर सपाट आवाजात करा, चाल न लावता. चालीसकट पाठ झालेलं स्वगत मोडता येत नाही. आणि समोरचे मोडायलाच सांगतात: ‘हेच आता हसत म्हणा’, ‘खुर्चीखाली काहीतरी शोधत म्हणा’, ‘आईला कळू न देता म्हणा’. दुसऱ्यांदा केलेलं कमी सुबक झालं तरी हरकत नाही. सूचना ऐकून काहीतरी बदललं का, एवढंच बघतात. म्हणून शेवटचे दोन आठवडे मित्राकडून अशा वेड्यावाकड्या सूचना घेऊन सराव करा.

स्पर्धेतून आलेल्यांच्या ठरावीक चुका होतात. दहा फुटांवर बसलेल्या तीन माणसांसाठी भरत नाट्यच्या शेवटच्या रांगेएवढा आवाज लावणं. सतत समोर तोंड ठेवून बोलणं. सुरुवातीला डोकं खाली घालून ‘भूमिकेत शिरणं’. एखाद्या नावाजलेल्या नटाच्या लकबी उचलणं. परीक्षकांच्याच डोळ्यांत बघून संवाद म्हणणं, ज्याने त्यांना लिहिताही येत नाही; नजर त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर एका ठिकाणी ठेवा. पार्श्वसंगीत फोनवर लावू नका. कपडे साधे, ज्यात जमिनीवर बसता-लोळता येईल असे.

सोलापूर, लातूर, गडचिरोली, सिंधुदुर्गातून आलेली मुलं बोली लपवायला बघतात आणि मग सगळं लक्ष उच्चारांवरच खर्च होतं. एक स्वगत प्रमाण भाषेत आणि एक आपल्या बोलीत करा. दोन्हींत मोकळेपणा दिसला तर ती जमेची बाजू ठरते. पेठेतल्या मुलांना हा फायदा नाही.

मुलाखतीत अलीकडे पाहिलेल्या नाटकाबद्दल विचारतात. ‘खूप भारी होतं’ यापुढे बोलता येत नसेल तर वरची दुसरी चाचणी तुम्ही वगळलीय हे तिथेच कळतं. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नका, समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्याच नाटकाचं नेपथ्य केलेलं असू शकतं.

कागद आणि तारखा

बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, दुसऱ्या बोर्डातून येत असाल तर मायग्रेशन. वैधतेचं काम निकालानंतर सुरू केलं तर प्रवेशाच्या तारखेला हात रिकामे राहतात, ते अकरावीतच लावा. नाट्यविभागांच्या सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येतात आणि अर्जाची मुदत छोटी असते, म्हणून एप्रिलपासून आठवड्यातून एकदा बघत राहा. ऑडिशनचा निकाल लागेपर्यंत नेहमीच्या कॉलेजातली जागा सोडू नका. तिथला प्रवेश नंतर रद्द केला तर शुल्कातलं किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं, हे पावती घेतानाच खिडकीवर विचारून ठेवा.